राईट म्हणजे कोणाचा उजवा?

या वेळच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी मला इंग्रजीत वाट कशी विचारायची आणि कशी सांगायची यावर लिहायला सांगितले. मलाच का सांगितले ते सगळ्यांना माहीत आहे. तरी पालकांसाठी मी पहिल्यापासून सांगते.

आपल्या कोंडाण्याला पाहुणे खूप येतात. कोणाच्या घरचे नाहीत, लेण्यांचे पाहुणे. कर्जत स्टेशनला उतरतात, रिक्षाने गावापर्यंत येतात आणि पुढे जंगलातून चालत जातात. लेणी दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. लहानमोठी मिळून १६ आहेत. पावसाळ्यात त्यांच्या तोंडावरून धबधबा पडतो. काही जण लेणी बघून परत फिरतात, काही जण तसेच वर राजमाचीला जातात. पुष्कळ लोकांना मराठी येतं, नाहीतर हिंदी येतं. पण काहींना दोन्ही येत नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी मी पाणी घेऊन येत होते. डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी होती. आंब्यापाशी, जिथे दोन वाटा फुटतात तिथे, समोरून दोन बायका आल्या. एकीचे केस पांढरे होते. त्या चेन्नईहून आल्या होत्या, ते मागाहून कळलं. हातातला फोन वर धरून रेंज शोधत होत्या. खोऱ्यात रेंज जाते हे त्यांना कोण सांगणार? पांढऱ्या केसांच्या आजींनी मला विचारले, "व्हिच वे टू द केव्हज?"

केव्हज म्हणजे लेणी, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मला इतका आनंद झाला की विचारू नका. लेण्यांची वाट माझ्या उजव्या हाताला होती. हात दाखवायला हात मोकळा नव्हता. मी ऐटीत म्हणाले, "राईट!"

मी त्यांच्याकडे तोंड करून उभी होते. माझा उजवा तो त्यांचा डावा. त्या आपल्या उजवीकडे वळल्या. ती वाट ओहोळावर जाते आणि पुढे करवंदीच्या जाळीत संपते. चार पावलं जाऊन त्या आजींना शंका आली असावी. त्यांनी मागे वळून विचारलं, "इज धिस द राईट वे?" मला फक्त राईट ऐकू आलं. मी म्हणाले, "येस, येस, राईट!" आणि घरी गेले. आईला सांगितलं की आज मी इंग्रजी बोलले. आईने गूळ दिला. तो मी खाल्ला.

संध्याकाळी एक काका गुरं घेऊन येताना त्यांना त्या बाया ओहोळात सापडल्या. आजींचा पाय मुरगळला होता. आपल्याकडे झाडीत काळोख लवकर पडतो. काका त्यांना हाताला धरून गावात घेऊन आले. आमच्याच ओटीवर बसवलं. आईने चहा केला, माझ्या आजीने पायाला हळद-तेल चोळलं. मी दाराआड उभी होते. त्या आजींनी मला ओळखलं. मला वाटलं आता ओरडणार. पण त्या हसून "थँक यू" म्हणाल्या. लेणी न बघताच त्या रिक्षाने परत गेल्या. मला रात्री जेवण गेलं नाही.

सोमवारी ही गोष्ट शाळेत सगळ्यांना कळलेलीच होती. मुलगे मला राईटबाई म्हणून चिडवायला लागले. अजून एक जण चिडवतो, त्याचं नाव लिहीत नाही. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर राईट हा शब्द लिहिला आणि त्याचे दोन अर्थ लिहिले. एक उजवा आणि दुसरा बरोबर. त्या आजींनी दुसऱ्यांदा विचारलं ते उजव्याबद्दल नव्हतंच. ही वाट बरोबर आहे का, असं त्या विचारत होत्या. आणि मी चुकीच्या वाटेला बरोबर म्हणाले! आपल्या मराठीत उजवा वेगळा आणि बरोबर वेगळा, म्हणून आपला घोटाळा होत नाही.

मग बाईंनी आम्हाला मैदानावर नेलं. खो-खोची फक्की उरली होती. तिने आख्खं गाव आखलं. शाळा, देऊळ, आंबा, ओहोळ, लेण्यांची वाट, सगळं. एकाने पाहुणा व्हायचं, एकाने गावकरी व्हायचं. पाहुणा इंग्रजीत विचारणार आणि गावकरी सांगेल तसाच चालणार. पहिल्या दिवशी अर्धे पाहुणे ओहोळात पडले. तेव्हा मला जरा बरं वाटलं.

बाईंनी जे शिकवलं ते असं. कोणी वाट विचारली की आधी हातातलं ओझं खाली ठेवायचं. मग विचारणाऱ्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं आणि तो ज्या बाजूला बघतो त्याच बाजूला आपण तोंड करायचं. म्हणजे त्याचा उजवा तोच आपला उजवा. मग बोलायचं. गो स्ट्रेट म्हणजे सरळ जा. टर्न लेफ्ट म्हणजे डावीकडे वळा. क्रॉस द ब्रिज म्हणजे पूल ओलांडा. नेक्स्ट टू म्हणजे शेजारी, बिहाइंड म्हणजे मागे, अपोझिट म्हणजे समोरच्या बाजूला. शेवटी त्यालाच परत म्हणायला लावायचं. तो बरोबर म्हणाला तर येस म्हणायचं. राईट म्हणायचं नाही.

वाट विचारायची असेल तर आधी एक्सक्यूज मी म्हणतात. त्याचा अर्थ मला माफ करा, असा आहे. मी बाईंना विचारलं की काही केलं नाही तर माफी कशाला? बाई म्हणाल्या, आपण कसं आधी काका, मावशी, दादा अशी हाक मारतो आणि मग विचारतो, तशीच ती त्यांची हाक आहे. मला आपली हाक जास्त आवडते. मावशी म्हटलं की कोणी पण थांबतं.

अंतर सांगताना आपली माणसं फार फसवतात, असं मला वाटतं. आमची आजी कोणालाही "हे काय इथंच" असं सांगते. तिचं इथंच म्हणजे तासाची चढण. पाहुणा "हाऊ फार इज इट?" असं विचारतो तेव्हा त्याला वेळ सांगावा. वन अवर ऑन फूट, म्हणजे पायी एक तास. आणि पाहुणा आपल्यापेक्षा हळू चालतो, हे धरून सांगावा. पावसाळ्यात ओहोळ भरून वाहत असेल तर वाट सांगूच नये. "डोन्ट गो, टू मच वॉटर" असं सांगावं. हे वाक्य वर्गातल्या सर्वांनी पाठ केलं आहे. पहिलीच्या मुलांनीसुद्धा.

माझ्या आजीला इंग्रजीतले फक्त हाऊ मच माहीत आहे, कारण ती मे महिन्यात कर्जतला करवंदं विकते. पण तिने सांगितलेला पाहुणा आजवर चुकला नाही. ती काही सांगतच नाही. हातातलं काम टाकून फाट्यापर्यंत बरोबर चालत जाते आणि बोट दाखवून परत येते. बाबांना इंग्रजी पाचवीत सुरू झालं. आता २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे मी चार वर्षं शिकते आहे, तरी माझा पाहुणा चुकला. आजीने हे दोनदा बोलून दाखवलं.

आता शहरातलं सांगते. जानेवारीत बाबांबरोबर मी दादरला गेले होते. कर्जत ते मुंबई सीएसएमटी १०० किलोमीटर आहे. स्टेशनांची नावं मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत असतात. त्यामुळे वाचता येणारा माणूस चुकत नाही. पण गाडीच्या इंडिकेटरवर एकेक इंग्रजी अक्षर असतं, तिथे गंमत होते. आपल्या कर्जतच्या लोकलचे अक्षर के नाही. के म्हणजे कल्याण. कर्जतचे अक्षर एस आहे आणि कसाऱ्याचे एन. कल्याणच्या पुढे रेल्वेच्या दोन वाटा फुटतात, आपल्या आंब्यापाशी फुटतात तशाच. एक आग्नेयेकडे कर्जतला येते आणि दुसरी ईशान्येकडे कसाऱ्याला जाते. साऊथ म्हणजे दक्षिण, त्याचा एस. नॉर्थ म्हणजे उत्तर, त्याचा एन. खोपोलीची केपी. शिवाय वेळेच्या पुढे एफ असेल तर फास्ट आणि एस असेल तर स्लो. म्हणजे एसचेही राईटसारखे दोन अर्थ झाले!

अप आणि डाऊनचंही तसंच. मला वाटायचं की वर चढते ती अप. पण रेल्वेत मुंबईकडे जाणारी गाडी अप आणि मुंबईकडून येणारी डाऊन. म्हणून कर्जतहून खंडाळ्याचा घाट चढणारी गाडी डाऊन असते. तिला ढकलायला कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात, तरी ती डाऊनच. हे ऐकून आमचा वर्ग खूप हसला.

दादरला पूर्वी पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वेंचे प्लॅटफॉर्म एकपासून सुरू व्हायचे. एक नंबर म्हटलं की माणूस विचारायचा, कुठला एक नंबर? डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या प्लॅटफॉर्मना ८ पासून पुढचे नंबर दिले. मला हे फार आवडलं. मोठ्या लोकांचाही घोटाळा होतो म्हणायचा.

परत येताना बाबा म्हणाले, विचार आता इंग्रजीत. मी एका बाईंच्या शेजारी जाऊन, त्या बघत होत्या तिकडे तोंड करून उभी राहिले आणि म्हणाले, "एक्सक्यूज मी, व्हिच प्लॅटफॉर्म फॉर कर्जत?" त्या म्हणाल्या, "अगं, मराठीत विचार की! मी पण कर्जतचीच." आणि आम्हाला बरोबर घेऊन गेल्या. अगदी आजीसारख्या.

लेण्यांत एका मोठ्या कमानीशी ब्राह्मी लिपीत लेख कोरला आहे. बाईंनी सहलीत दाखवला. कान्हाचा शिष्य बलक याने हे केले, असा त्याचा अर्थ आहे. दोन हजार वर्षांत तो पुसला नाही. पण तो लेण्यांत आहे, लेण्यांच्या वाटेवर नाही. म्हणून आम्ही चौथीच्या मुलांनी आंब्यापाशी एका धोंड्यावर चुन्याने बाण काढला आहे. खाली मराठीत लेणी आणि इंग्रजीत केव्हज लिहिलं आहे. पावसाळ्यात तो धुऊन जाईल, पुन्हा काढू.

फेब्रुवारीत मोठ्या बॅगा घेतलेले दोघे परदेशी आले. बाण काढायच्या आधीची ही गोष्ट. मी हंडा खाली ठेवला, कळशी खाली ठेवली. त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि म्हणाले, "टर्न लेफ्ट ॲट द मँगो ट्री. वन अवर ऑन फूट." त्यांनी ते परत म्हणून दाखवलं. मी येस म्हणाले. ते पुढे राजमाचीवरून लोणावळ्याला उतरणार होते, म्हणून आपल्या गावातून परत येणार नव्हते. त्यांना लेणी सापडली की नाही हे मला कसं कळणार? म्हणून काळोख पडेपर्यंत मी आंब्याखाली एकटीच सागरगोटे खेळत बसले. ओहोळाच्या वाटेने कोणी आलं नाही. काका आले, पण त्यांच्याबरोबर फक्त गुरं होती.