जादूगाराने किती मार खायचा?

आमच्या खेळात पहिला मृत्यू झाला तेव्हा खेळ सुरू होऊन जेमतेम वीस मिनिटं झाली होती. टिळकवाडीत एका मित्राच्या घरी शनिवारी दुपारी आम्ही पाचजण जमायचो. काकू चहा आणि चिरमुरे आणून द्यायच्या आणि आम्ही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ मांडून बसायचो. मी डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारी आणि राक्षसांच्या वतीने फासे टाकणारी. बाकीच्या चौघांनी एकेक पात्र घ्यायचं.

आमच्यातली एकजण मुळात खेळायला तयारच नव्हती. पण एकदा हो म्हटल्यावर तिने वहीत दोन पानं भरून आपल्या जादूगाराची कुळकथा लिहून आणली. गाव, आजी, जळालेलं ग्रंथालय, सगळं. वाटेत एक गॉब्लिन भेटला. मी वीस बाजूंचा फासा टाकला, २० पडले. म्हणजे जोराचा वार, माराचे फासे दुप्पट. दोन फासे टाकले, दोन्हींवर ६. त्यात वरचे २ मिळवून १४. तिचे हिट पॉइंट होते ७. नियम असा की शून्यावर आल्यानंतर उरलेला मारही पूर्ण हिट पॉइंटांइतका असेल तर पात्र जागीच मरतं. सात गेले, सात उरले. संपलं.

पुढचे दोन तास ती चिरमुरे पुढे करत बसली. पुढच्या शनिवारी आली नाही.

कुणी म्हणेल, फासे आहेत, नशीब आहे. हिशेबाने पाहिलं तर असं ७२० हल्ल्यांत एकदा व्हावं. पण जिची दोन पानं फुकट गेली तिला हे सांगून काय उपयोग? चुकलं कुठे, ते मला शोधायचं होतं. त्यातून जे कळलं ते इथे मांडते. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांनाही समजेल अशा बेताने.

आधी हिट पॉइंट म्हणजे काय ते पाहू. पात्र किती मार सोसून उभं राहील याचा तो आकडा. हा खेळ अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. त्याआधी १९७१ साली ‘चेनमेल’ नावाचे युद्धखेळाचे नियम आले होते. त्यात साधा सैनिक एका फटक्यात पडायचा. बाहुल्यांची फौज असेल तर ते चालतं, शंभरातला एक गेला तर कोण रडतं? पण आर्नेसनच्या खेळात एका माणसाकडे एकच पात्र असायचं. ते एका फाशावर गेलेलं खेळाडूंना सोसेना, म्हणून थोडा थोडा मार मोजण्याची पद्धत त्याने युद्धनौकांच्या खेळातून आणली. म्हणजे हिट पॉइंटांचा जन्मच माझ्या मैत्रिणीसारख्या कुणाच्या तरी हिरमुसण्यातून झाला म्हणायचा.

१९७४च्या नियमांत सगळ्यांना सहा बाजूंचाच फासा होता. पुढच्याच वर्षी आलेल्या पुरवणीत योद्ध्याला आठ बाजूंचा आणि जादूगाराला चार बाजूंचा फासा मिळाला. १९७८ साली योद्धा दहावर गेला, जादूगार चारवरच राहिला. तेव्हा पहिल्या पातळीवरही फासा टाकूनच हिट पॉइंट ठरत, म्हणून एक हिट पॉइंट घेऊन लढायला निघालेले जादूगारही असायचे! यामागे एक विचार होता. जादूगार आधी नाजूक, पण टिकला तर पुढे सगळ्यांना भारी. आज उपास, म्हातारपणी पेन्शन. अडचण एवढीच की पेन्शन मिळण्याआधीच माणूस गेला तर हिशेब जुळत नाही. २००० सालच्या आवृत्तीत पहिल्या पातळीला फाशावरचा सगळ्यात मोठा आकडा सरळ द्यायला लागले. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत जादूगाराचा फासा सहाचा झाला. आम्ही खेळतो ती हीच.

आता गंमत बघा. आमच्या योद्ध्याचे हिट पॉइंट १२ आणि जादूगाराचे ७. वाटतं, दुपटीचाही फरक नाही. पण मार लागायला आधी वार बसावा लागतो. गॉब्लिनने वीसचा फासा टाकायचा, त्यात ४ मिळवायचे, आणि ते समोरच्याच्या ‘आर्मर क्लास’एवढे किंवा जास्त झाले तरच वार बसतो. साखळ्यांचं चिलखत आणि ढाल मिळून योद्ध्याचा आर्मर क्लास १८. चिलखत नसलेल्या जादूगाराचा १२. म्हणजे गॉब्लिनच्या वीस वारांपैकी योद्ध्याला सात बसतात, जादूगाराला तेरा. बसलेल्या वाराचा मार सरासरी साडेपाच. गुणाकार-भागाकार केला की योद्धा साधारण सहा हल्ले झेलतो आणि जादूगार दोन. कागदावर १२ आणि ७, पण मैदानात तिप्पट फरक!

पात्राचा चिवटपणा एका आकड्यात नसतो, ही मला कळलेली पहिली गोष्ट. शरीर किती, चिलखत किती आणि युक्ती कोणती, असा तिन्हींचा मिळून तो हिशेब असतो. बार्बेरियनला बारा बाजूंचा फासा असतोच, वर राग आला की तलवार, भाला, गदा यांचा साधा मार त्याला निम्माच लागतो. चोराला (इंग्रजी नाव देवनागरीत लिहिलं तर आजार वाटेल, म्हणून चोर) पाचव्या पातळीवर एखादा वार अंग चोरून निम्मा करता येतो. जादूगाराला ‘शील्ड’ मंत्राने पुढच्या पाळीपर्यंत आर्मर क्लास पाचने वाढवता येतो, पण पहिल्या पातळीवर दिवसाला असे मंत्र मोजकेच.

हे सगळं मला नंतर समजलं. आधी मी सोपा उपाय केला. मैत्रिणीला फोन केला, “ये गं, तुझी जादूगार आता मरायची नाही.” ती आली. मी तिला १२ हिट पॉइंट दिले आणि एक जादूचा अंगरखा देऊन आर्मर क्लासही १८ करून टाकला. झालं, योद्धा आणि जादूगार एकसारखे!

दोन शनिवार गेले आणि योद्धा खेळणारा मित्र वैतागला. “ती आग पण टाकणार आणि मार पण माझ्याएवढाच खाणार. मग मी काय सामान उचलायला आलोय की काय?” बरोबरच होतं त्याचं. त्याच्याकडे विकायला एकच माल होता, तो मी दुसऱ्याला फुकट वाटला होता. आणि मैत्रीण तरी खूश असावी? ती म्हणाली, “मला आता भीतीच वाटत नाही. कंटाळा येतोय.”

क्रिकेटमध्ये अकराव्या क्रमांकाच्या गोलंदाजाकडून आपण शतकाची अपेक्षा करत नाही. तो लवकर बाद होतो, हे चालतं, कारण त्याचं काम वेगळं आहे. पण पहिल्याच चेंडूवर बाद झाल्यावर त्याला ‘आता गोलंदाजी पण नाही, घरी जा’ असं सांगितलं तर तो पुन्हा येईल का? मी नेमकं तेच केलं होतं. जादूगार नाजूक असणं ही चूक नव्हतीच. एका फाशात तिचा खेळच संपला आणि मधे पडून तो वाचवायची संधी कुणालाच मिळाली नाही, ही चूक होती.

मग सगळे आकडे पुन्हा होते तिथे नेले आणि तीन गोष्टी बदलल्या. पहिली, पहिल्या पातळीवर जागीच मरण्याचा नियम बंद. शून्यावर आलं की बेशुद्ध. मग दर पाळीला फासा टाकायचा, १० किंवा जास्त आले तर यश. तीन यशं आधी झाली तर जीव वाचतो, तीन अपयशं आधी झाली तर जातो. तोवर सोबत्यांना धावून जायला वेळ मिळतो. दुसरी, मी मोकळ्या रस्त्यावरची भांडणं कमी केली आणि भिंती, दगड, दारं मांडली. तीन चतुर्थांश अंग आडोशाला असलं की आर्मर क्लास ५ने वाढतो, म्हणजे जादूगाराला वीसपैकी तेराऐवजी आठच वार बसतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात कामाची ठरली. योद्ध्याला लढण्याची एक पद्धत निवडता येते. त्यातली एक अशी की शेजारी उभ्या सोबत्यावर वार आला तर योद्धा आपली ढाल मधे घालतो. मग शत्रूने दोन फासे टाकायचे आणि त्यातला लहान धरायचा. वार बसण्याची शक्यता ६५ टक्क्यांवरून ४२ वर येते. एका फेरीत एकाच वाराला हे जमतं, पण नाजूक माणसाला तेवढं पुरतं. इथे जादूगाराचा चिवटपणा तिच्या कागदावर नाही, शेजारच्याच्या हातात आहे. नियमांच्या पुस्तकात ही दोनच ओळींची गोष्ट. आम्ही ती वाचून पुढे गेलो होतो.

तेव्हा तुम्ही कधी असा खेळ मांडलात तर कोण किती मार खातो एवढंच मोजू नका. कोण कुणासाठी मार खातो, पडलेल्याला उठवायला किती वेळ मिळतो आणि पडलेला माणूस तेवढा वेळ टेबलावर काय करतो, हेही बघा. ही तीन उत्तरं नीट असली की सात आणि बारातला फरक कुणाला टोचत नाही.

मैत्रीण आता दर शनिवारी येते. तिची नवी जादूगार ही पहिलीची धाकटी बहीण आहे, वहीत आणखी तीन पानं वाढली आहेत. गेल्या वेळी पुलावरच्या झटापटीत चक्क योद्धाच आधी पडला. तिचे दोन हिट पॉइंट उरले होते. आडोसा सोडून ती बाहेर आली आणि त्याला ओढत मागे घेऊन गेली. मी गॉब्लिनचा फासा टाकला तेव्हा टेबलाभोवती कुणीच चिरमुरे खात नव्हतं.

तीन पडले. वार हुकला.