डिस्प्ले गेला, डेक नाही!

आपल्या सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांत शोकेसमध्ये एक जुना डेक अजून ठाण मांडून बसलेला असतो. त्याच्यावर निळे-हिरवे आकडे चमकायचे, इक्वलायझरच्या रेघा नाचायच्या. १९६३ साली सुरू झालेलं सांगली आकाशवाणी १२५१ किलोहर्ट्झवर लावलं, की आजी तो आकडा बघूनच खूश. मग एक दिवस डिस्प्ले काळाठिक्कर पडतो आणि घरात ठराव पास होतो, "द्या भंगारात!" कॅसेटवर टेप केलेला आजोबांचा आवाज घरात ऐकायचं ते एकच मशीन असतं, हे तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून आधी थोडं डोकं लावू या. आवाज येतोय का? येत असेल, तर बिघाड बहुतेक डिस्प्ले किंवा त्याच्या सप्लायपुरताच आहे. डिमरचं बटण चुकून दाबलं गेलंय का, तेही बघा. हसू नका, असं होतं!

आता डिस्प्लेची जात ओळखा. आकडे राखाडी आणि मागून उजेड, तर तो एलसीडी. त्याच्यावर तिरका टॉर्च मारा. आकडे पुसट दिसले तर फक्त मागचा बल्ब किंवा एलईडी गेलाय. आकडे स्वतःच निळे-हिरवे चमकत असतील, तर तो व्हीएफडी, म्हणजे व्हॅक्यूम फ्लुरोसंट डिस्प्ले. ही जपानमध्ये १९६० च्या दशकात निघालेली काचेची नळीच आहे. आत केसाएवढ्या बारीक तारा (फिलामेंट) तापतात, त्यांतून इलेक्ट्रॉन सुटतात, जाळीतून (ग्रिड) पुढे जातात आणि झिंक ऑक्साईडच्या लेपावर आदळतात. लेप चमकतो. यासाठी फिलामेंटला साधारण २ ते ५ व्होल्ट लागतात आणि इलेक्ट्रॉन ओढायला वेगळे २०-३० व्होल्ट. दोन्हींपैकी एक जरी गेला, तरी अंधार.

तपासणीचा क्रम असा ठेवा :

१) काचेच्या कोपऱ्यातला चंदेरी डाग बघा. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली. नळी संपली, विषय संपला.

२) खोलीत पूर्ण अंधार करून डेक लावा. तारा अगदी मंद लालसर दिसल्या तर फिलामेंट ठीक, दुसरा सप्लाय तपासा. काहीच दिसलं नाही तर प्लग काढून, दोन्ही टोकांच्या पिनांमध्ये मल्टिमीटर लावा. काही ओहम दाखवले तर तार शाबूत आहे, व्होल्टेज पोचत नाहीये.

३) व्होल्टेज नसेल तर नेहमीचे संशयित म्हणजे फ्युजिबल रेझिस्टर, झेनर डायोड, वाळलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि तडकलेलं सोल्डरिंग. हे पार्ट काही रुपयांत मिळतात. फ्युजिबल रेझिस्टरच्या जागी मात्र नुसती तार जोडू नका! तो जळून बाकीचं वाचवतो, तार घर जाळू शकते.

४) फक्त घड्याळाचे आकडे मंद आणि बाकीचे लख्ख असतील तर लेप झिजलाय. त्याला इलाज नाही, पण गाणी वाजतातच की.

पुराचं वेगळं सांगायला हवं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५. अशा पाण्यात बुडालेला डेक "चालतोय का बघू" म्हणून कधीही लावू नका. झाकण उघडून गाळ काढा, आयसोप्रोपाईल अल्कोहोलने बोर्ड आणि कनेक्टर पुसा, कित्येक दिवस वाळवा आणि हिरवा गंज बघूनच पुढे जा. साताऱ्याच्या पावसाळी दमटपणातही रिबन केबलच्या टोकांवर गंज चढतो, कधी ती काढून परत बसवली तरी काम होतं.

शेवटचं पण सगळ्यात महत्त्वाचं : आत २३० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही मोठा कपॅसिटर चार्ज धरून ठेवतो. तो रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा आणि चालू सेटवर मोजायचं असेल तर जाणत्या माणसाला शेजारी उभं करा. वर्कशॉपमधल्या सरांना विचारायला लाजू नका.

तेव्हा मंडळी, भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी दिवा घालवा आणि त्या तारा बघा!