कंपायलरचे मार्ग आणि साधनसंचाचे जतन

एखाद्या संशोधनातील आकडेमोड काही वर्षांनी पुन्हा पडताळावयाची झाल्यास मूळ प्रोग्रॅम जपून ठेवणे पुरेसे होत नाही. ज्या कंपायलरने, असेंब्लरने व लिंकरने त्याला यंत्रभाषेत उतरविले, तो साधनसंचही तोच असावा लागतो. कारण कंपायलरची आवृत्ती बदलताच अपूर्णांकांवरील क्रियांची रचना बदलून उत्तराचे अखेरचे अंक निराळे येऊ शकतात. म्हणून संचही प्रोग्रॅमबरोबरच आवृत्ति-नियंत्रणाखाली ठेवावा, असा विचार साहजिकच पुढे येतो. त्यात दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण मार्गांची होय. जीसीसी हा कंपायलर तयार करतानाच त्याचे स्थापनास्थान ठरविले जाते. संच अन्यत्र हलविल्यास, ज्या मार्गाने आपणांस बोलाविले गेले त्यावरून तो आपली उपसाधने शोधतो. लायब्ऱ्यांचे मूळ 'सिसरूट' या पर्यायाने सांगता येते. तथापि, दोषशोधनासाठी दिलेल्या माहितीत कामाच्या डिरेक्टरीचा संपूर्ण मार्ग नोंदला जातो. परिणामी, दोघांनी एकच प्रोग्रॅम एकाच कंपायलरने, परंतु निरनिराळ्या डिरेक्टरींत सिद्ध केल्यास फाइली बाइटशः जुळत नाहीत. हा मार्ग बदलून लिहिण्याची सोय जीसीसी ४.३ मध्ये २००८ साली झाली. मॅक्रोंतून येणारे मार्गही तिच्या कक्षेत आणणारा पर्याय जीसीसी ८ मध्ये २०१८ साली आला.

दुसरी अडचण आकारमानाची. २००५ साली निर्माण झालेल्या गिटमध्ये प्रत्येक प्रतीबरोबर सामान्यतः सर्व इतिहास येतो. त्यामुळे काढून टाकलेला जुना संचही इतिहासात राहतो व प्रत्येकाच्या यंत्रावर जागा अडवितो. यावर उपाय असा, की संच स्वतंत्र संग्रहात ठेवावा आणि त्याची शा-२५६ मुद्रा तेवढी प्रोग्रॅमबरोबर नोंदवावी. मात्र मुद्रेने संच ओळखता येतो, तो टिकत नाही. संग्रहाची जबाबदारी कोणीतरी घ्यावीच लागते.

शिवाय संच तोच आहे एवढ्याने तो निर्दोष ठरत नाही. मूळ प्रोग्रॅममध्ये खूण न ठेवता कंपायलर घातक भाग घुसवू शकतो, हे केन थॉम्पसन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ट्यूरिंग व्याख्यानात दाखविले. अशा शंकेचे निरसन करावयाचे तर स्वतंत्रपणे मिळविलेल्या संचांनी तोच कंपायलर सिद्ध करून फलिते ताडून पाहावी लागतात. आणि मार्गांचे अवशेष राहिल्यास ती तुलनाच निष्फळ होते. मार्गांचा प्रश्न केवळ सोयीचा नसून विश्वसनीयतेचा आहे, तो यामुळेच.