पुस्तकवेड (१७) : मुद्राराक्षसाचा भाव

या आठवड्यात पुस्तकांच्या वेष्टनांबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या वेळी. मध्येच कराडहून एका वाचक बाईंचं पत्र आलं आणि चार दिवस मी त्या पत्राभोवतीच घुटमळतोय.

बाई लिहितात, गेल्या महिन्यात एक नवी कादंबरी घेतली. १६० पानांपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. पान उलटलं तर समोर पुन्हा १४५. आधी वाटलं, आपलंच लक्ष नव्हतं. पण नायिका तोच चहा पुन्हा टाकत होती आणि सासू तेच टोमणे पुन्हा मारत होती. सोळा पानं दुसऱ्यांदा वाचून झाली आणि एकदम १७७वं पान आलं. तिथे सासू वारलेली. कशानं, ते कळायला मार्ग नाही. दुकानदार प्रत बदलून द्यायला तयार आहे, पण नातू अडवतोय. म्हणतो, आजी, देऊ नकोस, चुकीची छापलेली पुस्तकं लाखांत जातात. तर यात खरं काय?

आधी सासूबाईंचा शोध घेऊ. बाईंच्या प्रतीतून गेली ती पानं १६१ ते १७६, म्हणजे अकरावा फर्मा. मोठ्या कागदाच्या एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला आठ पानं छापायची, कागदाला तीन घड्या घालायच्या, की सोळा पानांचा फर्मा झाला. बांधणीखात्यात अशा फर्म्यांचे गठ्ठे ओळीनं मांडलेले असतात आणि प्रत्येक गठ्ठ्यातला एकेक उचलत पुस्तक जुळवत जायचं असतं. कुणी तरी अकराव्याच्या जागी दहाव्याचा गठ्ठा ठेवला, किंवा दुपारच्या जेवणानंतर हात तिकडेच वळला, की झालं. हे होऊ नये म्हणून प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा घालतात. त्याहून नामी युक्ती म्हणजे घडीच्या पाठीवर छापलेली काळी खूण. प्रत्येक फर्म्यावर ती आधीच्यापेक्षा जरा खाली असते. सगळे फर्मे जुळवून पाठ बघितली तर खुणांचा जिना दिसतो. एखादी पायरी गळाली किंवा दोनदा आली तर दुरूनही कळतं. बाईंच्या पुस्तकाचा जिना कुणी बघितलेला दिसत नाही.

आता भावाचं. बांधणीच्या चुकीनं पुस्तकाची किंमत वाढत नाही, उतरते. जुन्या पुस्तकांचा जाणकार पुस्तक हातात घेतल्यावर पहिला प्रश्न विचारतो, पानं पुरी आहेत का? फर्मा गळालेलं पुस्तक अपुरं. एक फर्मा जादा आला म्हणून ते पुरं होत नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. वीसेक वर्षांपूर्वी मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर मला एक इंग्रजी शब्दकोश मिळाला होता. पुठ्ठा सुलटा, आतली पानं उलटी. विक्रेत्याच्या ते लक्षात आलेलं नाही अशी माझी खात्री झाली. त्यानं सांगितलेले पैसे न घासता देऊन टाकले आणि कोपऱ्यापर्यंत अक्षरशः पळत गेलो. पुण्याला आल्यावर ज्यांच्याकडून मी पुस्तकं ओळखायला शिकलो त्या म्हाताऱ्या ग्रंथविक्रेत्यांना दाखवला. त्यांनी तो उलटा करून नीट धरला, एक शब्द बघितला, मिटून परत दिला. म्हणाले, “शब्दकोश चांगला आहे. वापरा.” अजून वापरतो. पाहुण्यांसमोर उघडला तर लोक माझ्याकडे काळजीनं बघतात, एवढाच त्याचा जादा उपयोग.

मग नातवाच्या डोक्यात हे आलं कुठून? माझा संशय तिकिटांवर आहे. टपाल तिकिटांच्या जगात चुकीला खरोखरच सोन्याचा भाव आहे. आपल्याकडचंच उदाहरण १८५४ सालच्या चार आण्यांच्या तिकिटाचं. कलकत्त्यात ते दोन रंगांत शिळाछापावर छापलं, लाल चौकट एकदा आणि व्हिक्टोरिया राणीचं निळं मस्तक दुसऱ्यांदा. काही कागद दुसऱ्या खेपेला उलटे लागले आणि राणी डोक्यावर उभी राहिली. त्या मोजक्या तिकिटांसाठी जगभरचे संग्राहक जीव टाकतात. पण तिकिटाचं सगळं अस्तित्व त्या बोटभर चित्रात असतं. चित्र उलटं तर वस्तूच वेगळी. पुस्तकाचं तसं नाही. चारशे पानांत एक वेलांटी चुकली तर ती पाच हजार प्रतींत तशीच चुकते. मराठीतली प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घाची चूक विकायची ठरवली तर आपण सगळेच कोट्यधीश व्हायचो.

तरीही नातवाच्या बाजूनं बोलण्यासारखं थोडं आहे. हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाच्या ५३व्या पानावर शाळेत आणायच्या सामानाची यादी आहे. तिच्यात जादूची कांडी दोनदा आली आहे, सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. मागच्या पुठ्ठ्यावर ‘फिलॉसॉफर्स’च्या स्पेलिंगमधला एक ‘ओ’ गळालाय. १९९७ साली या पुस्तकाच्या पुठ्ठा-बांधणीच्या फक्त ५०० प्रती काढल्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा ग्रंथालयांत गेल्या. आज त्यांना लाखांत किंमत येते. बातमीत ‘दोन कांड्यांची प्रत’ असं छापून येतं आणि घरोघरी लोक ५३वं पान उघडून बसतात. गंमत अशी की पहिल्या साध्या बांधणीच्या प्रतींतही दोन कांड्या आहेत, आणि त्यांना पुठ्ठ्यावाल्यांच्या जवळपासही भाव नाही. पैसे त्या ५०० मुळे मिळतात. कांडी फक्त त्या ५०० कडे बोट दाखवते.

जत्रेत हरवलेलं पोर गालावरच्या तिळावरून ओळखतात. पण तसा तीळ आहे म्हणून कुणी दुसऱ्याचं पोर घरी आणत नाही.

डार्विनच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’चंही असंच. १८५९ च्या पहिल्या आवृत्तीत विसाव्या पानावर, अकराव्या ओळीत, नेमका ‘स्पीशीज’ हाच शब्द एक ‘ई’ जादा घालून छापला आहे. ज्या शब्दावर सगळं पुस्तक उभं, त्याच्यावरच मुद्राराक्षस बसला. पण त्या आवृत्तीच्या सगळ्या १२५० प्रतींत तो बसलेला आहे. ती चूक म्हणजे पहिल्या आवृत्तीचं ओळखपत्र. मोल डार्विनचं. हेमिंग्वेच्या १९२६ च्या ‘द सन ऑल्सो राइजेस’मध्ये १८१व्या पानावर ‘स्टॉप्ड’ला तीन ‘पी’ लागलेत. पुढच्या छपाईत एक काढला. संग्राहक ते पान उघडून ‘पी’ मोजतात आणि मिटतात. कादंबरी वाचतात की नाही, विचारू नका.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा हप्ता बळकावला तिच्याकडे येतो. शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला मोठा संग्रह १६२३ साली लंडनमध्ये निघाला. त्याला ‘फर्स्ट फोलिओ’ म्हणतात. सुमारे २३५ प्रती आज शिल्लक आहेत. २०२० साली एक प्रत जवळजवळ एक कोटी डॉलरला गेली. आणि या २३५ मधल्या कुठल्याही दोन प्रती तंतोतंत सारख्या नाहीत.

कारण छापखान्याची रीत. खिळे जुळवून पानं यंत्रावर चढली की छपाई सुरू व्हायची. पहिला कागद वाचणाऱ्याकडे जायचा, पण तो वाचेपर्यंत यंत्र थांबायचं नाही, हात रिकामे ठेवणं परवडत नव्हतं. चूक सापडली की यंत्र थांबवायचं, खिळे सैल करायचे, बदलायचे, पुन्हा सुरू. तोवर चुकीचे शे-दीडशे कागद निघाले असले तर? कागद महाग. टाकतंय कोण? चुकीचे आणि दुरुस्त, दोन्ही एकाच गठ्ठ्यात. बांधताना ज्याच्या हाताला जो लागेल तो. म्हणून एका प्रतीत ‘किंग लिअर’चं एक पान आधीचं आणि समोरचं नंतरचं असं होतं. कंजूसपणा इतका की वाचणाऱ्यानं शाईनं खुणा केलेले काही तपासणीचे कागदसुद्धा पुस्तकात बांधून गिऱ्हाइकाला विकले. विकत घेणाऱ्यानं तेव्हा कपाळाला हात लावला असेल. आज विद्वान त्या पानासमोर हात जोडतात.

या फरकांचा माग काढला चार्लटन हिन्मन नावाच्या अमेरिकन पंडितानं. वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयात ८२ फोलिओ आहेत. दोन प्रती शेजारी ठेवून नऊशे पानं ओळीनं ताडायची म्हणजे डोळे आणि आयुष्य दोन्ही संपायचं. दुसऱ्या महायुद्धात हा गृहस्थ नौदलात होता. एकाच जागेचे दोन हवाई फोटो आलटून पालटून दाखवले तर बदललेली जागा लुकलुकते, ही कल्पना त्याच्या कानावर आली होती. तिच्यावरून त्यानं आरसे आणि दिवे लावलेलं एक कपाटाएवढं यंत्र बनवलं. दोन प्रतींची तीच पानं त्यात ठेवायची आणि डोळा लावायचा. सारखी अक्षरं स्थिर राहतात. जिथे एक खिळा बदलला असेल तिथे अक्षर नाचायला लागतं. पन्नासच्या वर प्रती त्यानं अशा ताडल्या. १९६३ साली त्याचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात कुठलं पान कुणी जुळवलं असावं इथपर्यंत मजल आहे. खिळे जुळवणाऱ्यांची नावं ठाऊक नसल्यानं त्यांना ए, बी, सी अशी अक्षरं दिली. त्यांतला ई म्हणजे चुकांचा बादशहा, बहुधा नवशिका उमेदवार. चारशे वर्षांपूर्वीच्या एका पोराचा अडखळणारा हात असा चुकांतून ओळखू येतो. माझ्या लेखी चुकीची खरी किंमत ही. ती लिलावात मोजत नाहीत.

सगळा दोष घाईचा असतो असंही नाही. मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’ची अमेरिकन आवृत्ती १८८५ साली त्याच्याच प्रकाशनसंस्थेनं काढली. तिच्यात २८३व्या पानावर सायलस काकांचं चित्र आहे. छापखान्यात कुणा अवलियानं चित्राच्या ठशावर दोन रेघा वाढवून काकांना भलतंच अश्लील करून ठेवलं. विक्रेत्यांच्या नमुनाप्रती बाहेर गेल्यावर ते ध्यानात आलं. मग छापलेल्या पुस्तकांतून ते पान कापायचं आणि नवं चिकटवायचं. गुन्हेगार शोधून देणाऱ्याला ५०० डॉलरचं बक्षीस लावलं. तो सापडला नाही. आज संग्राहक २८३वं पान शिवणीपाशी चाचपून बघतात, चिकटवलेलं लागतं का म्हणून.

मात्र एका पुस्तकापुढे माझा तिळाचा सिद्धांत हरतो. १६३१ सालच्या एका इंग्रजी बायबलात दहा आज्ञांपैकी व्यभिचाराच्या आज्ञेतला ‘नॉट’ गळाला आणि देवानं व्यभिचाराची आज्ञाच दिली. रॉबर्ट बार्कर आणि मार्टिन लुकस या राजमान्य मुद्रकांना ३०० पौंड दंड झाला, परवाना गेला, प्रती गोळा करून नष्ट केल्या. उरलेल्या वीसेक प्रतींना मोठी मागणी आहे. इथे चूक हेच पुस्तक. पण त्यासाठी देवाचा शब्द, राजाचा कोप आणि होळी, तिन्ही लागले. कराडच्या कादंबरीकडे यातलं काही नाही.

आपल्याकडच्या खिळ्यांच्या छपाईत तर मुद्राराक्षसाला मोकळं रान होतं. देवनागरीच्या मात्रा, अनुस्वार, रफार म्हणजे अक्षराच्या डोक्यावर अधांतरी नाजूक तुकडे. दाब पडता पडता छपाईच्या मध्येच मोडायचे. पहिल्या दोनशे प्रतींत ‘मोर’ नाचायचा, पुढच्या प्रतींत ‘मार’. ‘वंश’ होता तिथे ‘वश’. एकाच आवृत्तीच्या दोन प्रती म्हणून समोरासमोर ठेवून बघाव्यात, मजा येते. माझ्या ओळखीच्या एकाही जुन्या पुस्तकविक्रेत्यानं मात्र यासाठी रुपया जास्त मागितलेला नाही. त्यात त्यांचं चुकतं असंही नाही.

पण एका कागदासाठी मी भांडेन. जुन्या मराठी ग्रंथांना शुद्धिपत्र असतं, कधी आरंभी, कधी शेवटी, पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने. पुन्हा बांधायला दिलं की बांधणारा ते सुटं पान फेकून देतो. शुद्धिपत्र नसलेली प्रत माझ्या दृष्टीनं अपुरी. माझ्याकडच्या एका पुराणाच्या भाषांतरात पहिल्या मालकानं शुद्धिपत्र समोर ठेवून सव्वाशे चुका बारीक टाकानं ओळीओळीत सुधारल्या आहेत, आणि शुद्धिपत्रातलीच एक चूक लाल शाईनं. ती प्रत मी विकणार नाही. पुस्तक बांधायला टाकाल तेव्हा शुद्धिपत्र मोजून द्या आणि मोजून घ्या.

तर बाई, प्रत बदलून घ्या. नातवाला माझा राग येईल, त्याला हा हप्ता वाचायला द्या. वेष्टनांचं पुढच्या आठवड्यात नक्की. आणि हो, नवी प्रत हातात आली की १६१ ते १७६ पानं दुकानातच उघडून बघा.