मंजुरीची सही आणि भिवंडीचा अनुभव

९ डिसेंबर २०२३ रोजी राष्ट्रीय तपास यंत्रणेने, म्हणजे एनआयएने, महाराष्ट्र आणि कर्नाटकात ४४ ठिकाणी छापे घातले. त्यांतले बरेचसे भिवंडी तालुक्यातल्या पडघा-बोरिवली परिसरात होते. १५ जणांना अटक झाली. इसिसशी संबंध असल्याचा आरोप खरा की खोटा, हे न्यायालयच ठरवणार. मात्र निकालाआधीच्या काळात आरोपीचे काय होते, हे युएपीए, म्हणजे बेकायदा कृत्ये (प्रतिबंध) कायद्यावर अवलंबून असते आणि त्यात अधिकाऱ्याच्या निर्णयाला फार वजन आहे.

हा कायदा १९६७चा. २००४ मध्ये पोटा हा दहशतवादविरोधी कायदा रद्द झाला, तेव्हा दहशतवादाची कलमे त्यात आली. २००८च्या मुंबई हल्ल्यानंतर जामीन आणखी अवघड झाला. आरोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढू शकते. आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला, तर कलम ४३ड(५) नुसार जामीन मिळत नाही. न्यायाधीश हे ज्या कागदांवरून ठरवतात, ते तपास अधिकाऱ्याने तयार केलेले असतात. कोणते कलम लावायचे, हेही आधी तोच ठरवतो. खटला मात्र वर्षानुवर्षे चालतो. म्हणूनच २०२१ मध्ये के. ए. नजीब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की खटला वाजवी काळात संपण्याची चिन्हे नसतील, तर या कलमामुळे घटनात्मक न्यायालयांचे हात बांधले जात नाहीत. तोवर आरोपीने पाच वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता.

तपास अधिकाऱ्याच्या या अधिकारावर कायद्यातच एक अटकाव आहे. सरकारच्या मंजुरीशिवाय न्यायालयाला खटल्याची दखल घेता येत नाही, आणि मंजुरीआधी स्वतंत्र प्राधिकरणाने पुरावा तपासायचा असतो. शिफारस आणि मंजुरी यांसाठी नियमांनी कामकाजाचे सात-सात दिवस दिले आहेत. ही मुदत बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ठरवले. ही तपासणी नावापुरती झाली, तर पीडितांचेही नुकसान होते. २००८च्या मालेगाव स्फोटात सहा जण गेले. ३१ जुलै २०२५ रोजी सातही आरोपी निर्दोष सुटले, तेव्हा विशेष न्यायालयाने युएपीएखालची मंजुरी सदोष ठरवली. मंजुरीचा दोष सतरा वर्षांनी निकालातून समोर येणे, हे कुणाच्याच हिताचे नव्हते.

तपासाचा अधिकार पक्षपाताने वापरला तर काय होते, हे भिवंडीने फार पूर्वी पाहिले आहे. मे १९७०च्या दंगलीनंतर न्या. डी. पी. मादन आयोगाने विशेष तपास पथकावर धार्मिक भेदभावाचा ठपका ठेवला. त्याच शहरात १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. हिंदू-मुस्लिम रहिवासी आणि पोलीस नियमित एकत्र बसू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई दंगलींनी पेटली, पण भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी यासाठी नवा कायदा मागितला नव्हता. हाताशी असलेला अधिकार त्यांनी लोकांच्या देखत वापरला.