कुणाला लागेल श्वासाची मदत?

‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ ही समजूत अजूनही अनेक घरांत ऐकू येते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाबद्दलचं हे जुनं भाकीत साफ उलटं आहे. बाळ पोटात जितके आठवडे जास्त राहील, तितकी त्याची फुप्फुसं तयार होतात.

ती तयार आहेत का, हे ओळखायचं कसं? डॉ. वर्जिनिया अपगार यांची गुणपद्धती १९५३ साली छापून आली. तिच्यावरून जन्मताच बाळाची एकूण स्थिती कळे. श्वासाचा त्रास किती आहे हे स्वतंत्रपणे मोजलं ते १९५६ साली, न्यूयॉर्कमध्ये, विल्यम सिल्व्हरमन आणि डोरोथी अँडरसन यांनी. छाती आणि पोट एका लयीत हलतात का, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का, छातीच्या हाडाच्या टोकाशी खळगा पडतो का, नाकपुड्या फुलतात का, बाळ कण्हतं का, एवढंच पाहायचं. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. अपगारच्या उलट, इथे दहा म्हणजे सर्वांत वाईट. यंत्र नाही, खर्च नाही. आजही ही पद्धत वापरात आहे, आणि अनुभवी सिस्टर आकडा न लिहिताच ती वापरत असतात.

पण ओळखून करायचं काय? फुप्फुसातले फुगे मिटू न देणारा सर्फॅक्टंट अपुऱ्या दिवसांच्या बाळांत कमी असतो, हे १९५९ साली मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं. तरी ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा सुमारे २.१ किलोचा मुलगा पॅट्रिक श्वासाच्या याच त्रासाने ३९ तासांत गेला. निदान झालं होतं, उपाय नव्हता. १९७१ साली जॉर्ज ग्रेगरी यांनी श्वासनलिकेत सतत थोडा दाब ठेवून २० अत्यवस्थ बाळांपैकी १६ वाचवली. आज वॉर्डात ‘सीपॅप लावला’ म्हणतात, तो हाच.

त्याच वर्षी लुई ग्लक यांनी अंदाज जन्माच्याही आधी नेला. गर्भजलात लेसिथिन या घटकाचं प्रमाण स्फिंगोमायलिन या दुसऱ्या घटकाच्या दुप्पट झालं, तर फुप्फुसं तयार समजायची. त्यासाठी आईच्या पोटात सुई घालावी लागे. ही चाचणी आता जवळपास बंद पडली आहे. १९७२ साली ऑकलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊन बाळाचा त्रास कमी करून दाखवला, तर १९८० साली जपानच्या फुजिवारा यांनी थेट सर्फॅक्टंटच फुप्फुसात सोडला. इंजेक्शन स्वस्त आणि सोपं होतं, मग आधी पारख कशाला करायची? या साऱ्या इतिहासातलं मला सर्वांत बोलकं वाटतं ते हेच, की उपाय सापडल्यावर पारख मागे पडली.

हा तर्क ताणल्यावर मात्र अंगाशी आला. सहा देशांतल्या एका मोठ्या चाचणीत गावपातळीपर्यंत स्टिरॉइड पोचवलं गेलं. आपलं नागपूर आणि शेजारचं बेळगाव त्यात होतं. २०१५ साली निकाल छापून आला: नवजात मृत्यू दर हजार जन्मांमागे ३.५ ने वाढले. इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक स्त्रियांची बाळं हे औषध लागावं इतकी लहान नव्हतीच. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत हीच परीक्षा पुन्हा घेतली, या वेळी सुसज्ज रुग्णालयांत आणि सोनोग्राफीने दिवस नक्की करून. २०२० च्या निकालात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांतले नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. औषध दोन्हीकडे स्टिरॉइडच होतं.

आता बाळाच्या छातीची सोनोग्राफी करून सर्फॅक्टंट लागेल का ते सांगतात, संगणकही आकडे मांडतात. पण त्यांच्याही हिशेबात बाळ किती आठवड्यांचं आहे, हा आकडा लागतोच. म्हणून पाळीची तारीख लिहून ठेवा, पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी करून घ्या, आणि तो कागद प्रसूतीला जाताना सोबत न्या.