सबमिशनची रात्र
सेमिस्टर संपत आले की वस्तीतल्या एखाद्या खोलीत रात्री दोनपर्यंत दिवा जळतो. मुलगी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असते. चौघांचा ग्रुप प्रोजेक्ट असतो, सबमिशन परवावर आलेले असते आणि रिपोर्टचे एक प्रकरण अजून आलेलेच नसते. ते लिहिणारा मुलगा फोन उचलत नाही. मग ते प्रकरणही हीच लिहायला घेते. सकाळी उपाशीपोटी चहा, दुपारी डोकेदुखी, रात्री छातीत जळजळ. घरचे म्हणतात, अभ्यासाचं टेन्शन आहे.

फोन न उचलणारा तो मुलगाही बहुधा आपल्यापैकीच असतो. संध्याकाळी दुकानात कामाला जातो, घरी लॅपटॉप नाही, दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे. आपली अडचण सांगितली तर ‘सवलतीवर आलेले’ हा टोमणा ऐकावा लागेल, या भीतीने तो गप्प राहतो आणि गप्प राहिल्यामुळेच आळशी ठरतो. टोमणे मारले जातात, हे खरेच आहे. त्याची तक्रार कॉलेजात लेखीच द्यावी. पण काम अडले आहे हे गटाला वेळेत सांगणे वेगळे. त्यात लाज कसली?

संविधानाच्या मसुदा समितीत सात सदस्य होते. एकाने राजीनामा दिला, एकाचे निधन झाले, एक अमेरिकेत होता, एक राज्यकारभारात गुंतला होता, एक-दोघे दिल्लीपासून दूर होते. भार बाबासाहेबांवर पडला, हे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सांगितले. ही हकीकत आपण अभिमानाने सांगतो आणि मुलांना म्हणतो, बघ, असे राबायचे! त्या काळात बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या वेदनांनी झोप लागत नव्हती, हे मात्र सांगायचे राहून जाते. एकट्यावर सगळे पडणे ही समितीची उणीव होती. ती मुलांसमोर आदर्श म्हणून ठेवू नये, असे आम्हाला वाटते. बाबासाहेबांनी स्वतः २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बी. एन. राव, एस. एन. मुखर्जी आणि कधी मध्यरात्रीनंतरही राबलेले कर्मचारी यांना श्रेय दिले.

म्हणून पहिल्याच दिवशी कोण, काय, कधी हे कागदावर लिहून सगळ्यांनी त्यावर सह्या कराव्यात. गटाची स्वतःची तारीख कॉलेजच्या तारखेच्या पाच दिवस आधीची ठेवावी. उशीर होणार असेल तर तारीख उलटण्याआधी सांगावे, आणि नुसते ‘जमलं नाही’ म्हणू नये. किती झाले, उरलेले कधी देणार, हेही सांगावे. अर्धे लिहिलेले प्रकरण द्यायला संकोच वाटतो, पण अर्ध्यावरून दुसऱ्याला पुढे नेता येते. कुणी दादच देत नसेल तर आधी त्याच्याशी एकट्याने बोलावे, अडचण समजली तर कामाची अदलाबदल करावी. तरीही नाहीच जमले तर आठवडाभर आधी गाईडला कळवावे. व्हायवाच्या दिवशी सांगितले तर ती तक्रार वाटते. ‘चुगली नको’ म्हणून त्याचे काम गुपचूप करणारी मुलगी शेवटी तापाने झोपते.

अठरा ते पंचवीस वयात रोज ७ ते ९ तास झोप लागते. दिवसभर वाचलेले पक्के होते ते झोपेतच, त्यामुळे जागून केलेली तयारी व्हायवात दगा देते. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा भाग साधारण पाच तासांनंतरही शरीरात असतो. संध्याकाळनंतर चहा नको. दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, ‘जगून काय करू’ अशी भाषा आली तर वाट पाहू नये. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येते.

घरच्यांनी सबमिशनच्या महिन्यात रोज दोन तास टीव्ही बंद ठेवावा, पाणी भरायची पाळी भावाला द्यावी. विहाराचा हॉल संध्याकाळी रिकामाच असतो. किल्ली कुणाकडे आहे ते आजच विचारून ठेवा.